सतरा नंबरची वाट

हॉलिनडीन
८ एप्रिल १९५१

रूबेन,

नाताळच्या कार्डाशिवाय माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं वाटून तू पाकीट फोडायला वेळ लावशील. म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. आपल्यातलं आता जायचं उरलंय तरी कोण? मीच. आणि उजवा गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे.

काम आहे म्हणून लिहितेय. सरकारने नवा कायदा केलाय. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतली एकूण एक पायवाट चालून बघायची, तिला नंबर द्यायचा आणि नकाशावर काढायची. यादीत चढेल ती वाट कायमची लोकांची. राहील ती गेली. अँब्रोज लेसी आता पंचायतीचा चिटणीस आहे. तोच, आपला पोस्टमन. निवृत्त झाला तरी त्याला स्वस्थ बसवत नाही. मागच्या महिन्यात नकाशाची गुंडाळी घेऊन शाळेत आला.

“बाई, पंचायतीत आम्ही सात जण. चौघांचे गुडघे गेलेत, दोघांना गाईंमुळे वेळ नाही, आणि मी तर आयुष्यभराचं चालून झालोय.”

“म्हणजे मी चालायचं.”

“पोरांना भूगोल कोण शिकवतं?”

तेव्हापासून दर शनिवारी मी बाबांची काठी, पाव-चीजचा तुकडा आणि वही घेऊन निघते. तीन नंबरच्या वाटेवर मिसेस डेलने सरळ कोंबड्यांचं खुराडं बांधलंय. मी म्हटलं, “ही वाट आहे.” तर म्हणाली, “मग या ना चालत, कोंबड्या काही चावत नाहीत.” चालत गेले. नऊ नंबरची वाट म्हणजे टेकडीखालची खोलगट गल्ली. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच दरडी, त्यातून बीचच्या झाडांची मुळं अशी बाहेर आलेली की जणू कुणी म्हातारी बोटं रोवून बसलीय. पायाखाली पांढरी चुनखडी आणि गारगोट्या. वीस मिनिटं चालले, आभाळ दिसलं नाही. सेहेचाळीस वर्षं या गावात काढली, रूबेन, आणि ही गल्ली वर जाऊन कुठे निघते हे मला माहीत नव्हतं. ती चेरीच्या बागांमागे निघते. बागा अजून उघड्याबोडक्या आहेत, पण कळ्या टपोऱ्या झाल्यात.

सोळा वाटा झाल्या. सतरावी चर्चच्या मागच्या फाटकातून निघते, स्टॅनरच्या रानातून, बाबांच्या कामाच्या झोपडीवरून, बार्लीच्या शेतातून खाली पेल्स वस्तीला आणि तिथून रेल्वेच्या थांब्यावर. दोनशे पावलांवर काटेरी तार आहे आणि ‘खासगी’ अशी पाटी. काल तिथवर गेले आणि परत आले.

त्या वाटेने तू किती वर्षं गेलास, कुठून कुठे, कुणी कधी अडवलं का, एवढं एका कागदावर लिहून सही करून पाठवशील का? साक्ष म्हणून लागणार आहे. बाकी काही लिहायची गरज नाही.

टास्मानियात आता हिवाळा लागेल ना? लाकडाच्या गिरणीत बोटं सांभाळ.

हेस्टर

६ मे १९५१

रूबेन,

तुझं उत्तर नाही. येईल अशी फारशी अपेक्षाही नव्हती, पण विमानाने पत्र आठवड्यात पोचतं म्हणतात, म्हणून रोज फाटकाकडे लक्ष जातं.

नीट सांगायला हवं होतं, ते आता सांगते. तू गेल्यावर इथे काय काय झालं, हे तुला कोण कळवणार?

स्टॅनरचं रान ऑस्मंड थ्रेल नावाच्या गृहस्थांनी घेतलं, ते तुला आठवत असेल. लढाईतच त्यांनी तार घातली. सैन्याला लाकूड तोडायचं होतं, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. लढाई संपली, तार राहिली. जुने बीच निम्मे गेले, तिथे त्यांनी सुरूच्या जातीची झाडं लावलीत, ओळीत, परेडला उभी केल्यासारखी. पेल्सच्या लोकांना आता चर्चला, दुकानाला, शाळेला यायचं तर मोठ्या रस्त्याने तीन मैलांचा वळसा. त्या रस्त्यावर खडीच्या लॉऱ्या धावतात. पेल्सची नऊ मुलं माझ्या शाळेत येतात. मागच्या हिवाळ्यात धाकट्या फ्लोरी बॅलमला लॉरीने खंदकात उडवलं. पायावर निभावलं. आता लंगडते.

परवा मी थ्रेलसाहेबांना भेटायला गेले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. चहा दिला, स्वतःच्या रेशनची साखरही पुढे केली.

म्हणाले, “मिस रान्स, तिथे रस्ता कधी नव्हताच. तुमचे वडील आणि त्यांच्यासारखे खुर्च्यांचे पाय घडवणारे कातारी रानात काम करायचे. त्यांना आधीच्या मालकाने येऊ दिलं, एवढंच. माझ्या बागेत माळी येतो, म्हणून बाग गावाची होत नाही.”

“पेल्सची माणसं थांब्यावरून गावात यायची.”

“कोण सांगतं?”

“सगळेच सांगतात.”

“सांगू द्या ना. लिहून देऊ द्या.”

मुद्दा तिथेच आहे. लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता चालत होते, हे तार पडायच्या आधीचं, १९४० पर्यंतचं, दाखवायला हवं. पेल्सची सहा घरं थ्रेलसाहेबांच्या मालकीची. तिथलं कोण सही करणार? म्हातारी मिसेस पडिफट तेवढी तयार आहे. तिचं घर तिचं स्वतःचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि तोंड तसंच आहे.

“घाल माझा अंगठा, घाल. त्या वाटेने मी लग्नाची होऊन आले, त्याच वाटेने नवऱ्याला खांद्यावरून नेला. पण पोरी, माझं एकटीचं कोण ऐकतंय? मला तर लोक वेडी म्हणतात. तुझा धाकटा होता की रोज जाणारा. आधी बापाचं जेवण घेऊन, मग कारखान्याला. साडेसहाची गाडी कधी चुकवली नाही त्याने. त्याला लिही.”

मी हिशेब मांडला. सहा वर्षांचा असल्यापासून तू बाबांना दुपारचं जेवण नेऊन द्यायचास, म्हणजे १९२० पासून. चौदाव्या वर्षी वायकोमच्या खुर्ची कारखान्यात लागलास. आणि १९४० च्या जुलैपर्यंत रोज गाडीने गेलास. वीस वर्षं बरोबर भरतात. या गावात दुसऱ्या कुणाची भरत नाहीत. मीही चालले, पण मध्ये तीन वर्षं शिक्षिकेच्या अभ्यासासाठी बाहेर होते. आणि आपल्या तिघांतला विल्फ असता, तर आज विचारायला तो होता.

या गावासाठी तू काही करावंस असं गावाने तुझ्याशी काय केलंय, हे मला कुणी सांगायला नको. मी त्या वेळी जे करता आलं ते केलं. टपालाचा तेव्हा सगळा गोंधळच होता.

रानाच्या या बाजूला ब्लूबेल फुललीत. तारेच्या पलीकडेही तितकीच आहेत.

हेस्टर

१० जून १९५१

रूबेन,

आज फार लिहीत नाही.

चौदा नंबरची वाट मोजायला लेसी स्वतः बरोबर आला. टेकडीच्या माथ्यावरच्या जुन्या तळ्याशी आम्ही टेकलो. तळं आटत आलंय, गाई चिखलात उभ्या असतात. मी म्हटलं, रूबेनचं उत्तर आलं नाही, बहुधा पत्र गहाळ झालं असेल.

लेसीने पाइप पेटवला. मग म्हणाला, “बाई, एक विचारू? लढायला नकार दिला म्हणून चाळीस साली त्या न्यायमंडळापुढे त्याचा खटला होता, तेव्हा तुम्ही त्याच्यासाठी पत्र लिहिलं होतं म्हणे. आणि ते टपालात हरवलं.”

“हो.”

“गावात तसं बोलतात. मला अकरा वर्षं ते टोचतंय. कारण त्या उन्हाळ्यात या गावची पिशवी मी एकटा वाहत होतो. सायकलवरून थांब्यापर्यंत. आमच्या पोराचीही पत्रं फ्रान्सहून यायची, म्हणून एकेक पाकीट जपायचो मी. त्या वर्षी हॉलिनडीनमधून गेलेलं एकही पत्र हरवलं नाही.”

मी म्हटलं, “पुढे हरवलं असेल. वायकोमला. लंडनला.”

“असेल,” तो म्हणाला. “मी आपलं माझ्या हद्दीपुरतं सांगितलं.”

मग आम्ही वाटेची लांबी मोजली. सातशे चाळीस यार्ड भरली. उतरताना त्याने मला हात दिला, आणि मला तो घ्यावासा वाटला नाही.

हेस्टर

२४ जून १९५१

रूबेन,

हे पत्र मी चारदा लिहिलं. हे पाचवं. आज शाळेला सुट्टी आहे, सकाळ आहे, दार उघडं आहे. कुणी आलं तरी हे संपवूनच उठायचं असं ठरवलंय.

मी ते पत्र टाकलं नव्हतं.

तुला सगळं सांगायला हवं. तू जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आलास. म्हणालास, “हेटी, न्यायमंडळ घरच्या माणसाचा शब्द मागतं. मी लढाई सुरू झाली म्हणून घाबरून हे बोलत नाही, आधीपासून असाच होतो, एवढंच तू लिही. तू मला वाढवलंस. तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?” मी हो म्हटलं. आणि मला खरंच माहीत होतं. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि मी बारा. सतराव्या वर्षी तू चॅपलमध्ये उभा राहून म्हणाला होतास की मी माणूस मारणार नाही, कुणाच्याही सांगण्यावरून नाही. तेव्हा लढाईचं नावही नव्हतं. मी पहिल्या बाकावर होते. मला तुझा अभिमान वाटला होता. हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

मी पत्र लिहिलं. दोन पानं. चांगलं होतं ते. त्याच दुपारी मिसेस कोकर आल्या, शाळेच्या समितीवरच्या. त्यांचा थोरला डंकर्कच्या लढाईत गेला, विल्फ गेला त्याच आठवड्यात. त्या बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, “मिस रान्स, तुमच्या धाकट्या भावाचं कानावर आलं. तुमचं दुःख मी समजू शकते. पण आमची मुलं उद्या कुणाच्या हाताखाली शिकणार, हे आम्हाला माहीत असायला हवं.” एवढंच. धमकी वगैरे काही नाही. अतिशय सभ्यपणे बोलल्या.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. टेबलावर पाकीट होतं. त्यांनी पत्ता वाचला, आणि जेवायला बसले. विल्फचा फोटो त्यांच्या समोर होता. मी वाट बघत होते की त्यांनी काहीतरी म्हणावं. टाक म्हणावं, टाकू नको म्हणावं. ते उठले आणि झोपायला गेले. मी पाकीट चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं, टाकलं म्हणून. न्यायमंडळाच्या अध्यक्षांनी भर सभेत विचारलं ना तुला, “घरच्यांपैकी एकानेही तुमच्या बाजूने का लिहिलं नाही?” नंतर तू मला विचारलंस, आणि मी टपालावर ढकललं. तू माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. त्यावरून मला कळायला हवं होतं की तुला कळलंय. सहा महिने तुरुंगात, मग चार वर्षं चिखलात चर खणणं. सुटून आलास तेव्हा आपल्या दारावर कुणी भेकडाचा म्हणून पिवळा रंग फासला होता. तो मी घासून काढला, आणि त्यातच माझं कर्तव्य झालं असं मानलं.

अकरा वर्षं मी स्वतःला काय सांगत आले, तेही ऐक. सांगत आले की बाबांसाठी केलं. बाबांनी तुला माफ केलं नाही, मरेपर्यंत तुझं नाव घेतलं नाही, त्या घरात मी तुझी बाजू कशी घेणार होते? हे सगळं खरं आहे. पण चुलीपाशी बाबा नव्हते. मी होते.

आता माझ्या लक्षात येतंय की मी तुझ्याकडे काय मागितलं. मी जे तुला दिलं नाही तेच मागितलं, आणि तेही “बाकी काही लिहायची गरज नाही” असं म्हणून. मला लाज वाटते.

साक्ष पाठवू नकोस असं मी म्हणत नाही, कारण वाट पेल्सच्या लोकांना हवी आहे आणि फ्लोरी बॅलमने तुझं काही बिघडवलेलं नाही. पण ती माझ्यासाठी पाठवू नकोस. सोबत फॉर्म आहे. भरलास तर थेट लेसीच्या पत्त्यावर धाड. नाही भरलास तर मी कुणाला कारण सांगायला जाणार नाही.

हेस्टर

२३ सप्टेंबर १९५१

रूबेन,

काल शनिवारी दुपारी तीनला शाळेच्या मोठ्या खोलीत सभा झाली. तिथे काय घडलं ते तुला कळायचा हक्क आहे. वृत्तांतात ते येणार नाही, म्हणून मी लिहिते.

जवळजवळ सगळं गाव आलं होतं. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. सोळा वाटा अर्ध्या तासात मंजूर झाल्या. मिसेस डेलने कोंबड्यांसाठी दोन मिनिटं भांडून घेतलं. मग सतरावी निघाली.

थ्रेलसाहेब उठले, त्यांचं म्हणणं मला सांगितलं होतं तसंच नीटपणे मांडलं. मिसेस पडिफट उठली. “मी चालले, माझी सासू चालली, तिची सासू चालली. परवानगी कुणाची घ्यायची असते हो चालायला?” लोक हसले. अध्यक्षांनी विचारलं, कुठल्या सालापासून? म्हातारी गडबडली. एकदा राणीचं नाव घेतलं, एकदा राजाचं. थ्रेलसाहेब हळूच म्हणाले, “असं आहे ते.”

तेव्हा लेसीने खिशातून निळं पाकीट काढलं. त्यावर टास्मानियाचं तिकीट होतं. मला त्याने काही सांगितलं नव्हतं. नंतर म्हणाला, “मला आलेली साक्ष होती, बाई. सभेआधी कुणाला दाखवायची नसते.”

त्याने ती मोठ्याने वाचली. तुझे शब्द मला आता पाठ आहेत. कुठून कुठे, तर चर्चच्या मागच्या फाटकापासून रेल्वेच्या थांब्यापर्यंत. किती काळ, तर १९२० ते १९४०, रविवार सोडून रोज. वाटेत कोण भेटायचं त्यांची नावं, अकरा. त्यातली सात आता चर्चच्या अंगणात आहेत. कुणी अडवलं का? “नाही. आधीचे मालक घोड्यावरून भेटायचे. सकाळ कशी आहे एवढं विचारायचे.” खोलीत कुणीतरी म्हणालं, “अगदी. तसंच म्हणायचे ते.” आणि मग आणखी दोघा-तिघांना आठवायला लागलं.

शेवटचा रकाना होता, वाट शेवटची कधी वापरली. लेसीने चष्मा पुसला.

“११ मार्च १९४६. सकाळ. देश सोडताना. तार होती. बरोबर माझे वडील जोसाया रान्स. त्यांनी काठीने तार वर उचलून धरली आणि मी खालून गेलो. मग ते आले. थांब्यापर्यंत माझी पेटी त्यांनी घेतली. मला घेऊ दिली नाही. आम्ही बोललो नाही. गाडी सुटेपर्यंत ते उभे होते.”

लेसी म्हणाला, “कायद्याच्या दृष्टीने याचा काही उपयोग नाही. तार पडल्यानंतरचं चालणं धरत नाहीत. पण लिहिलंय म्हणून वाचलं.”

त्या सकाळचं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

थ्रेलसाहेबांचा कारभारी कोबोल्ड उठला. थ्रेलसाहेबांनी त्याच्या कोटाची बाही ओढली, तरी बोललाच. “हा रूबेन रान्स म्हणजे तुरुंगात गेलेला ना? गाव लढत होतं तेव्हा घरात बसलेला? त्याच्या शब्दाची किंमत किती? घरच्यांनीसुद्धा त्याच्या बाजूने एक ओळ लिहिली नव्हती.”

मिसेस कोकर दुसऱ्या रांगेत होत्या, खाली बघत.

मी उभी राहिले. माझा आवाज वर्गातला निघाला, कारण त्या खोलीत मला दुसरा आवाज नाही.

मी म्हटलं, “घरच्यांनी म्हणजे मी. त्याने माझ्याकडे पत्र मागितलं, मी कबूल केलं, लिहिलं, आणि जाळलं. त्याला सांगितलं की टाकलं. तुम्हाला सांगितलं की टपालात हरवलं. मिस्टर लेसींनी ते ओझं अकरा वर्षं उगाच वाहिलं, त्यांची मी माफी मागते. माझा भाऊ सतराव्या वर्षापासून जे म्हणत होता तेच न्यायमंडळापुढे म्हणाला. तो खोटं बोललेला मी कधी ऐकला नाही. आमच्या घरात कुणी खोटं बोललं असेल तर ते मी.”

“हे सगळं वाटेशी संबंधित आहे का, मिस रान्स?” अध्यक्षांनी विचारलं. बिचारे घामाघूम झाले होते.

“साक्षीदाराच्या शब्दाची किंमत विचारली गेली,” मी म्हटलं. “मी ती सांगितली.”

मग बसले. हात मांडीखाली घेतले. मिसेस पडिफट शेजारून म्हणाली, “इतकी वर्षं लागली होय गं तुला?” आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात किती जड होता.

चार विरुद्ध तीन मतांनी वाट यादीत गेली. थ्रेलसाहेब वर अपील करतील असं वाटलं होतं, पण जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, “तार मी काढून घेतो. एक माणूस दुसऱ्यासाठी ती वर धरत होता, हे मला माहीत नव्हतं.” मिसेस कोकर माझ्या समोरून निघून गेल्या. शाळेच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. जे होईल ते होईल.

हेस्टर

७ ऑक्टोबर १९५१

रूबेन,

साक्षीसोबत माझ्यासाठी चिठ्ठी नव्हती. असावी असं मी म्हणतही नाही.

समितीने मला ठेवलं. मिसेस कोकरनी राजीनामा दिला, आणि मला त्याचं वाईट वाटतं. त्यांचा मुलगा परत येणार नाही, आणि त्यांनी रागवायचं कुणावर, हे मला अजून कळत नाही. फ्लोरी बॅलम सोमवारपासून रानातून शाळेत येते, सगळ्यांच्या मागून, पण वेळेवर.

काल मी एकटी ती वाट चालले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नोंद करायची म्हणून घड्याळ घेतलं होतं. बीच पिवळे पडलेत. बाबांच्या झोपडीचं छप्पर बसलंय, पण ढलप्यांचा ढीग अजून आहे, काळा पडलेला, त्यावर शेवाळ. तिथे मी थांबले नाही. तारेचे खांब निघालेत, जमिनीत भोकं उरलीत. बार्ली कापून झालीय. थांब्यावर कुणी नव्हतं. मला पन्नास मिनिटं लागली.

मग बाकावर बसून दुसरा हिशेब केला. बाबांची छाती तेव्हा पुरती खराब झाली होती, जिन्यावरही बसून श्वास घ्यायचे. पेटी घेऊन त्यांना दीड तास तरी लागला असेल, आणि परत चढ. तुझी गाडी साडेआठची होती. म्हणजे तुम्ही सातच्या आधी निघालात. मी सात वाजता उठले तेव्हा तुम्ही दोघंही घरात नव्हता. मला वाटलं तू निरोप न घेता गेलास आणि बाबा नेहमीसारखे कामावर.

ते अकराच्या सुमारास आले. मी स्वयंपाकघरात होते. चेहरा राखेसारखा होता, आणि बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. म्हणाले, एक झाड बघायला गेलो होतो. मग खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

मी त्यांना काही विचारलं नाही, रूबेन. नुकतीच फरशी पुसली होती, म्हणून मी त्यांना त्या बुटांवरून रागावले. त्यांनी वाकून ते काढले, एकेक करून, आणि म्हणाले, “चुकलंच माझं, पोरी.”

हेस्टर